दुकानात नीट चालणारं मशीन

माझ्या दुकानाच्या दारावर एक पाटी होती. ‘घरी येऊन दुरुस्ती केली जाणार नाही. मशीन दुकानात आणावे.’ पांढऱ्यावर लाल अक्षरं, मीच रंगवलेली. मंचरच्या स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं दुकान आहे आणि पंधरा वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्तीवरच जगतोय. पूर्वी मी गावोगाव जायचो. पण कॉम्प्युटर बघायला गेलेल्या माणसाला आपल्याकडे नुसता कॉम्प्युटर बघून कुणी परत सोडत नाही. आधी चहा. मग, “भाऊ, आलाच हाय तर ह्यो मिक्सर बघा की.” मग टीव्हीचा रिमोट, मग धाकट्याचा मोबाइल. एका गावात तर मला विहिरीवरची मोटर दाखवायला नेलं. त्या दिवशी परत आलो आणि पाटी रंगवायला घेतली. लोक म्हणाले, भगवंताच्या, म्हणजे माझ्या, डोक्यात हवा गेली. गेली तर गेली, म्हटलं.

ती पाटी मी या मे महिन्यात उतरवली. उतरवून काही उपयोग झाला नाही, तो भाग वेगळा.

मोहिनी पहिल्यांदा आली ती जानेवारीच्या शेवटी. महाळुंगे पडवळची मुलगी, अवसरीला इंजिनिअरिंग केलेली. सीपीयू एका जुन्या हिरव्या साडीत गुंडाळून, एसटीतून मांडीवर धरून आणला होता. साडी मी ओळखली नाही, पण मशीन ओळखलं. लॉकडाऊनमध्ये मीच ते त्यांच्या घरी बसवलं होतं, पाटीच्या आधीच्या काळात. तेव्हा कॉलेज बंद पडून सगळं शिक्षण घरात आलं होतं आणि त्यांच्या वस्तीवर विजेचा भलताच घोळ होता. दोन तास खपून मी मशीन चालू करून दिलं होतं. मोहिनीच्या आईने, साळुबाईने, मला बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला होता. ठेचा आठवतो. बाकीचं मी विसरलो होतो.

“दादा, अर्धा तास चालतं आणि आपोआप बंद पडतं,” मोहिनी म्हणाली. “पुन्हा चालू केलं की पुन्हा तेच.”

बिघाड शोधायची माझी एक रीत आहे. स्क्रू उघडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : काय बदललं? नीट चालणारं मशीन उगाच बिघडत नाही. काहीतरी सांडलेलं असतं, कुणीतरी काहीतरी लोड केलेलं असतं, टेबल सरकवलेलं असतं. गिऱ्हाईक आधी म्हणतं काहीच नाही, आणि मग खोदून विचारलं की सांगतं. मी नव्या पोरांना शिकवतानासुद्धा हेच सांगतो, जरा ऐटीत.

“काय बदललं घरात?” मी विचारलं.

“आई गेली,” ती म्हणाली. “डिसेंबरमध्ये. कावीळ झाली होती, अंगावर काढली. तेराव्यापर्यंत मशीन बंदच होतं. मग लावलं तेव्हा आठवडाभर चाललं. नंतर हे सुरू झालं.”

“अरेरे,” मी म्हणालो. खरंच वाईट वाटलं. ठेचा आठवला, पदराने हात पुसत “आजून एक घे रं” म्हणणारी साळुबाई आठवली. पण मला उत्तर मिळालंय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, “लाइट कशी आहे?”

“लाइट आता चांगली आहे. डीपी नवा बसवला ना वस्तीवर. फ्रिज, टीव्ही, पंखे सगळं नीट चालतं.”

झालं. लाइटचा विषय मी तिथेच मिटवला आणि मशीन उघडलं. आत धूळ होती, उदबत्तीची काजळी होती. ब्रशने साफ केलं, रॅमचे पट्टे काढून खोडरबरने घासले, पंख्याखालचा लेप नवा लावला. दोन दिवस दुकानात सलग चालू ठेवलं, एकदा पापणीसुद्धा लवली नाही त्याची. मोहिनीला फोन केला, ने म्हटलं, ठणठणीत आहे.

चौथ्या दिवशी ती पुन्हा आली. तीच साडी, तेच मशीन.

या खेपेला मी आतला पॉवर सप्लायच बदलला. पाच वर्षांचं मशीन, त्यातला तोच भाग आधी जातो. पुन्हा दोन दिवस चालवलं, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्या खेपेला हार्ड डिस्क तपासली, तिच्या कामाचं सॉफ्टवेअर तेवढं सोडून बाकी सगळं पुसून नव्याने लोड केलं. एकीकडे मला मशीनचा राग येत होता आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोलू, तिचाही. दुकानात नीट चालणारं मशीन ज्याच्या घरी बंद पडतं त्या माणसावर दुरुस्ती करणाऱ्याचा जीव नसतो.

त्या तिसऱ्या खेपेला मशीन तपासून होईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. तिचा फोन सारखा वाजत होता आणि ती तो सारखा बंद करत होती.

“कंपनीतून?” मी विचारलं.

“मामा आहे. कुशाबा मामा, खोडदचा.” मग ती एकदम सांगायला लागली. तिचं काम मला साधारण माहीत होतं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती घरून विम्याचे फॉर्म तपासायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. कंपनीने याच मशीनवर आपलं सॉफ्टवेअर टाकून दिलेलं, दुसरं मशीन चालत नाही. मशीन दुकानात असेल ते दिवस रजेत जातात, पण मधेच बंद पडलं की तिकडे नोंद होते. अशा नोंदी वाढल्या की ताकीद येते. तीन ताकिदी आल्या की घरी बसा. एक ताकीद तिला आली होती. एप्रिल संपला की तिला एक वर्ष होणार होतं, मग नोकरी पक्की आणि पुण्याच्या ऑफिसात जागा.

“आणि मामाचं काय?”

“मामा म्हणतो, वर्षाच्या आत लग्न उरकायचं.”

हे आमच्याकडे आहेच. घरात आई किंवा बाप गेला की लग्नाजोगत्या पोरीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. गेलेल्या माणसाला पुण्य लागतं म्हणतात. आईविना पोरीला घरात कोण सांभाळणार, हा त्यातला खरा मुद्दा. मामाने खोडदजवळचंच स्थळ आणलं होतं. मुलगा बरा आहे, टोमॅटोची शेती आहे, पण सुनेने घराबाहेर नोकरी करायची नाही असं त्यांनी आधीच सांगितलेलं.

“मग दादा काय म्हणतात तुझे?” मी विचारलं. ती वडिलांना, सोपानकाकांना, दादाच म्हणायची आणि मलाही दादाच.

“दादा म्हणाले, पोरीची नोकरी हाय तवर मी कुनाचं आयकनार न्हाई. पन नोकरी गेली तर मंग माझ्यापाशी बोलायला काय ऱ्हातंय?” तिने वडिलांचा आवाज काढून दाखवला आणि हसली. तो हसण्याचा विषय नव्हता, हे तिलाही कळत होतं.

मी म्हणालो, “घाबरू नको. एप्रिलपर्यंत मी याला बंद पडू देत नाही.” माणूस दुकानात बसून काय वाटेल ते बोलतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी तिचे रॅमचे दोन्ही पट्टे बदलून दिले. आणि काय आश्चर्य, मशीन चाललं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिचा फोन आला तेव्हा आवाज वेगळाच होता. “दादा, चालतंय! परवा आईचं मासिक घातलं, सगळे पाहुणे आले होते, घरात एवढा गोंधळ, तरी दिवसभर एकदाही बंद नाही पडलं.” मी शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, “रॅमच होती. मला पहिल्यापासून वाटत होतं.” पहिल्यापासून मला तसलं काही वाटत नव्हतं.

मासिकाच्या जेवणाची पातेली बायकांनी कुठे घासली, हे विचारायचं मला काही कारण नव्हतं.

पाचव्या दिवशी मशीन बंद पडलं. मार्च लागला, ऊन वाढलं आणि अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. दुसरी ताकीद आली.

त्यानंतर ती आली तो दिवस मला विसरता येत नाही. दुकानात गर्दी होती, लोक आपापल्या लॅपटॉपसाठी ताटकळले होते. तिने काउंटरवर मशीन ठेवलं आणि मी तिथेच, चार माणसांसमोर, तिच्यावर घसरलो. “माझ्याकडे आठ-आठ दिवस चालतं. तुझ्याच घरी कसं बंद पडतं? तूच काहीतरी करत असशील. टेबलाखाली बोर्डाच्या बटणाला पाय लागत असेल.”

“नाही लागत दादा,” ती हळू म्हणाली. “एकदा घरी येऊन बघा ना. मी गाडी पाठवते कुणाची तरी.”

मी दाराकडे बोट केलं. “पाटी वाचता येते ना?”

“येते,” ती म्हणाली. तिने मशीन परत साडीत बांधलं आणि गेली.

मंचरहून महाळुंगे पडवळ किती लांब आहे? मोटरसायकलवर पंचवीस मिनिटं, वाटेत थांबून उसाचा रस प्यायलात तर अर्धा तास. मी गेलो नाही. कामं होती, हे खरं आहे. पण कामांमुळे गेलो नाही असं नाही. एवढ्यांदा मशीन धाडलं आणि एवढ्यांदा परत आलं, याची मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी तिरसटासारखा वागतो. बायकोही हेच सांगते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मलाच राहवेना. दुधाच्या टेम्पोतून मी तिच्याकडे दुकानातला एक यूपीएस पाठवला. आत नवी बॅटरी होती, वीज गेली तरी मशीन काही वेळ चालू ठेवणारी. तिच्याकडचा जुना केव्हाच मोडीत गेला होता. फोनवर सांगितलं, हा मधे लाव, महिनाअखेरपर्यंत तरी निभेल. दोन दिवस तिचा फोन नाही. मला वाटलं, जमलं.

शनिवारी दुपारी तोच टेम्पोवाला यूपीएस परत घेऊन आला. वर वहीचं पान दोऱ्याने बांधलेलं. ‘दादा, हापण अर्धा तास चालून पिपाणीसारखा ओरडला आणि बंद झाला. काल तिसरी ताकीद आली. आज काढल्याचं पत्र. आता मशीन आणत नाही. तुम्ही खूप केलंत.’

तुम्ही खूप केलंत. ते पान मी दोनदा वाचलं. मग यूपीएस उघडला. बॅटरी पार रिकामी होती. दुकानात लावून ठेवली तर तीन-चार तासांत भरली आणि भरलेली राहिली. म्हणजे बॅटरी चांगली, यूपीएस चांगला. भिंतीतून नीट वीज येत असेल तर अशी बॅटरी रिकामी व्हायचं काही कारण नाही. म्हणजे तिच्या टेबलाजवळच्या बोर्डाला वीज नीट येत नव्हती. फ्रिज चालतो, टीव्ही चालतो, पंखे चालतात, आणि फक्त त्या एका बोर्डाला येत नाही. नुसता स्वयंपाकघरातून एक एक्स्टेन्शन ओढून बघ, एवढं मी जानेवारीत सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पहिल्या वर्षाचा पोरगाही ते सांगेल.

रविवारी सकाळी मी वीज मोजायचा मीटर आणि पक्कड पिशवीत टाकली आणि निघालो.

त्यांच्या अंगणात दोन जीपा उभ्या होत्या. ओट्यावर चपला-बुटांचा ढीग, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं सतरंजीवर बसलेली. एका ताटात फुटलेल्या सुपारीचे तुकडे, हळद, कुंकू. कुशाबा मामा पेढ्यांचा पुडा घेऊन फिरत होता. मला बघून सोपानकाका उठले. चार महिन्यांत ते निम्मे झाले होते.

“या भगवंतराव. बरं झालं आलात. घ्या, पेढा घ्या. सुपारी फुटली पोरीची.”

पेढा हातात घेऊन मी म्हणालो, “काका, मला जरा तो कॉम्प्युटर बघायचाय.”

“आता कशाला त्यो?” मामा म्हणाला. “आज घरात काय चाललंय, अन् तुमचं काय!”

“बघू द्या,” आतून मोहिनी म्हणाली. ती दारात आली. नवी साडी, कपाळावर मळवट, केसांत गजरा. मी तिच्याकडे नीट बघितलं नाही.

खोलीत जाऊन बोर्डाला मीटर लावला. मशीन बंद असताना दोनशे वीस दाखवत होता. मी मशीनचं बटण दाबलं. पंखा फिरला आणि मीटरचा आकडा उतरायला लागला. एकशे नव्वद, एकशे साठ, एकशे तीस. मग मशीन गपकन बंद झालं आणि आकडा पुन्हा वर गेला. स्वयंपाकघरातल्या बोर्डावर मात्र दोनशे तीस पक्के. मी टेबलाखाली वाकलो. बोर्डातून एक काळी वायर निघून खिडकीच्या फटीतून बाहेर गेली होती. वायर जोडण्यावर निळी चिकटपट्टी होती, दोन वेढे आणि वर एक तिरका. अशी पट्टी मीच मारतो.

तेव्हा मला सगळं आठवलं.

वीज एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. ती परतीची तार म्हणजे न्यूट्रल. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या वस्तीची न्यूट्रल डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर, सारखी तुटायची, आणि ती तुटली की घरातल्या वस्तू जळायच्या. तीन घरांतले टीव्ही गेले होते. नवा कॉम्प्युटर जळेल म्हणून साळुबाई घाबरली होती. तेव्हा मी आपल्याकडे शेतावर मोटरीसाठी सगळे करतात तेच केलं. या एका बोर्डाची न्यूट्रल तोडली, खिडकीतून वायर बाहेर काढली, अंगणात लोखंडी सळई ठोकली, भोवती मीठ-कोळसा भरला आणि परतीची वाट जमिनीतून दिली. हे कायद्यात बसत नाही आणि जिवालाही धोका असतो, मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हणालो होतो, “मावशी, हे चार दिवसांपुरतं आहे. मी येऊन पक्कं करून देतो.” आणि सांगितलं होतं, “तोवर इथली माती ओली ठेव. सुकली की मशीन चालायचं नाही. पोरीने मशीन लावायच्या आधीच पाणी घालायचं, पहाटे. आणि इथे कुणाचा पाय पडू देऊ नको.”

त्या चार दिवसांची पाच वर्षं झाली. मी घरी जाणं बंद केलं, पाटी रंगवली. मधे डीपी नवा बसला, तेव्हा ही वायर परत जागेवर लावायला पाच मिनिटं लागली असती. ते ठाऊक असलेला एकटा मी होतो.

मी वायरीच्या मागे अंगणात आलो. वायर भिंतीच्या कडेने जाऊन एका बूड कापलेल्या तेलाच्या डब्याखाली शिरत होती. डब्यात तुळस होती. म्हणजे तुळशीच्या काड्या होत्या. माती भेगाळलेली. मासिकाची पातेली बायकांनी याच कोपऱ्यात घासली असणार.

कुणाचा पाय पडू नये म्हणून साळुबाईने सळईवर तुळस लावली होती. तुळशीवर कुणी पाय देत नाही. आणि ती चार दिवस माहेरी गेली तरी तुळशीला पाणी कुणीतरी घालतंच. मी दोन तास खपून जे केलं होतं त्यापेक्षा हे किती शहाणपणाचं होतं.

मी आत जाऊन बोर्डाचं बटण बंद केलं. बाहेर येऊन बादलीभर पाणी डब्यात ओतलं. माती ते शोषत गेली. दुसरी बादली ओतली. मग आत जाऊन मशीन लावलं आणि मीटर धरला. दोनशे पंधरा. तिथेच थांबला. पडदा उजळला.

मोहिनी माझ्यामागे उभी होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. बाहेर माणसांचं हसणं चाललं होतं.

“काय झालं होतं, दादा?”

मी सांगितलं. सगळं माझ्या अंगावर घेऊन सांगितलं, आणि ते खरंच होतं. वायर मी जोडली, परत आलो नाही, विसरलो, घरी या म्हणालीस तेव्हा पाटी दाखवली. तुळशीचं मी हळू आवाजात सांगितलं. पण सोपानकाका दारात येऊन उभे राहिले होते.

“दवाखान्यात म्हनली व्हती मला,” ते म्हणाले. “शेवटच्या दिशी. म्हनली, तुळशीला पानी घालत जा, पोरीसाठी घाला. मला वाटलं देवाधर्माचं. बाई जातीय अन् तिला तुळस सुचतीय. मला लई राग आला व्हता देवाचा. बारा म्हयने पहाटं उठून पानी घातलं तिनं, मिळालं काय? एक तांब्या घातला न्हाई मी. वाळू दे म्हनलं.”

मामाने बाहेरून हाक मारली, पाहुणे निघालेत, पाया पडायला पोरीला पाठवा. मोहिनीने मशीन नीट बंद केलं, जसं रोज सहा वाजता करत असेल तसं, आणि बाहेर जाऊन सगळ्यांच्या पाया पडली.

त्याच संध्याकाळी मी ती वायर काढून न्यूट्रल जागेवर जोडली आणि तिच्याकडून कंपनीला पत्र लिहून घेतलं, खाली माझ्या दुकानाचा शिक्का मारून दिला की दोष माझ्या जोडणीचा होता. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. जागा भरली आहे, पुढे संधी निघाल्यास कळवू. मी सोपानकाकांना म्हणालो, सुपारी फुटली म्हणजे लग्न लागलं असं नाही, पोरीला एक वर्ष द्या. ते म्हणाले, “शब्द गेलाय, भगवंतराव.” मोहिनीला विचारलं तर ती म्हणाली, “दादांना आता आणखी काही सोसायला लावू नका.” मेच्या अठरा तारखेला लग्न झालं. मी गेलो होतो. जेवलो नाही.

त्यानंतर आठवड्याने सोपानकाका दुकानात आले. मांडीवर धरून आणलेलं मशीन, तीच हिरवी साडी. साडी साळुबाईची होती, हे मला तेव्हा कळलं.

“तिकडं न्यायचं न्हाई म्हनले,” ते म्हणाले. “तुमच्याकडंच ठेवा. पन आधी लावा बरं जरा.”

“कशाला काका?”

“लावा तर. पान्याचं तुमी म्हनला ते खरंच आसंल. पन मशीनमधीबी कायतरी आसंलच ना? आसं कसं आसंल, की नुस्तं पान्यानं...”

मी लावलं. ते स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. अर्धा तास झाला. चहा आला, गार झाला. गिऱ्हाइकं आली, गेली. ते पडद्यावरून नजर काढत नव्हते. त्यांना मशीन बंद पडायला हवं होतं. एकदा, फक्त एकदा बंद पडलं असतं तर तो माणूस घरी जाऊन झोपला असता.

टेबलाखाली बोर्डाचं बटण माझ्या पायाजवळ होतं. मी पाय सरकवला आणि ते दाबलं.

पडदा काळा झाला. सोपानकाका ताठ झाले. “बगा!” ते म्हणाले. “बगा, मी म्हनत व्हतो!” किती महिन्यांनी त्यांच्या तोंडावर रक्त आलेलं मी बघितलं. “म्हंजी मशीनच व्हतं. मशीनच खराब व्हतं.”

“तसंच दिसतंय काका,” मी म्हणालो.

ते थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “पुन्यांदा लावा. एकदा खात्री करू.”

मी पुन्हा लावलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. तास झाला, दीड तास झाला. दोनदा मी पाय बटणापर्यंत नेला आणि मागे घेतला. ते इतक्या मन लावून वाट बघत होते की त्यांच्यादेखत दुसऱ्यांदा फसवायचं मला झालं नाही. सहा वाजले. महाळुंग्याच्या गाडीची वेळ झाली. पंखा एकसारखा फिरत होता.

सोपानकाका उठले. साळुबाईची साडी त्यांनी नीट घडी करून काखेत घेतली.

“चांगलं चालतंय की रं,” ते म्हणाले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून स्टँडकडे गेले.